मंडालेच्या देशातली निवडणूक आणि आपली ‘मान्यता’



मंडाले हे नाव मराठी माणसाला नव्यानं सांगावं लागत नाही. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं टिळक तिथल्या तुरुंगात होते, गीतारहस्य तिथंच लिहिलं गेलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. उलट्या दिशेची गोष्ट रत्नागिरीकरांना जास्त जवळची. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ साली तो तिथंच वारला. त्याचा राजवाडा अजून उभा आहे, आणि २०१२ च्या डिसेंबरात त्या देशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन गेले होते. म्हणजे हा देश नकाशावर पूर्वेच्या टोकाला असला, तरी आपल्याला अगदीच परका नाही.

त्याच देशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, नुकतीच निवडणूक झाली. २८ डिसेंबर २०२५, मग ११ जानेवारी आणि २५ जानेवारी २०२६, अशा तीन टप्प्यांत. ३३० तालुक्यांपैकी साठाहून अधिक तालुक्यांत मतदान झालंच नाही, कारण तिथं सरकारचा अंमलच चालत नाही. आधीची निवडणूक जिंकलेला पक्ष, आँग सान सू ची यांचा एनएलडी, २०२३ च्या मार्चमध्येच विसर्जित करून टाकलेला. सू ची स्वतः फेब्रुवारी २०२१ पासून कैदेत. निवडणुकीवर टीका केली किंवा तिच्यात अडथळा आणला तर किमान तीन वर्षं आत, आणि काही कलमांखाली थेट फाशी, असा कायदा जुलै २०२५ मध्ये आला. शिवाय २००८ च्या राज्यघटनेनुसार संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराच्या, तिथं मत मागायचीही गरज नाही. आणि जिंकलं कोण? लष्कराच्या पाठबळावरचा यूएसडीपी. हाच पक्ष २०२० मध्ये जेमतेम ३३ जागांवर आला होता, तेव्हा एनएलडीला ३९६ मिळाल्या होत्या.

आता प्रश्न असा की भारतानं या निवडणुकीला मान्यता द्यायची का? अनेकांनी विचारलं की, ‘आपण सरळ नाही म्हणून का सांगत नाही?’ आणि तितक्याच जणांनी विचारलं की, ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?’ दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. पण दोन्हींत ‘मान्यता’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि सगळा घोळ तिथंच सुरू होतो.

जमिनीचं उदाहरण घेऊ, ते सगळ्यांना कळतं. महाराष्ट्रात सातबारा असतो, आमच्या छत्तीसगडात खसरा आणि बी-१. तिकडे तलाठी, इकडे पटवारी. समजा शेजारच्या शेतावर थोरल्या भावानं दांडगाईनं ताबा घेतला आणि धाकट्याला हाकलून दिलं. आता बांधावरून पाणी वाहून जायचं असेल, गुरं आत शिरली असतील, तर तुम्ही बोलणार कुणाशी? जो शेतात उभा आहे त्याच्याशीच. त्याला इलाज नाही. पण तोच थोरला भाऊ उद्या फेरफाराचा कागद घेऊन आला, आणि म्हणाला की, ‘धाकट्यानं राजीखुशीनं हक्क सोडलाय, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा’, तर? बांधावर बोलणं आणि त्या कागदावर सही करणं या दोन गोष्टी एक नाहीत.

देशांचंही असंच असतं. पहिली गोष्ट, राष्ट्राला मान्यता. म्यानमार नावाचा देश आहे याबद्दल कुणाचाच वाद नाही. भारतानं ६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशला दिली ती या जातीची मान्यता. दुसरी गोष्ट, सरकारला मान्यता. इथं जगात दोन घराणी आहेत. मेक्सिकोनं १९३० मध्येच सांगून टाकलं की आम्ही कुठल्याही सरकारला पास-नापास करणार नाही, फक्त वकिलात ठेवायची की काढायची एवढंच ठरवू. ब्रिटननंही १९८० पासून सरकारांना औपचारिक मान्यता देणं सोडून दिलं. भारताचा कलही तसाच आहे: सत्तेत जो असेल त्याच्याशी व्यवहार. अफगाणिस्तानात बघा. तालिबानला आपण औपचारिक मान्यता दिलेली नाही, तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले आणि काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाचं पुन्हा दूतावासात रूपांतर करायचं ठरलं.

तिसरी गोष्ट निवडणुकीला मान्यता, आणि गंमत म्हणजे कायद्याच्या पुस्तकात तिची स्वतंत्र जागाच नाही. ती दिली जाते अभिनंदनाच्या फोनमधून, निरीक्षक पाठवण्यातून, शपथविधीला कोण गेलं यातून. म्हणूनच ती नाकारणंही सोपं असतं. फक्त फोन करायचा नाही.

तुम्ही म्हणाल, न केलेल्या फोननं त्या जनरलसाहेबांचं काय बिघडतं? लगेच काहीच बिघडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण मग ते त्या फोनसाठी एवढी धडपड का करतात? पाच वर्षं बंदुकीच्या जोरावर राज्य करता येत होतंच की. निवडणुकीचा खटाटोप केला तो कागदासाठी, आपल्या भाषेत फेरफारासाठी.

या कागदाची किंमत कळायला न्यूयॉर्कला जावं लागेल. १ फेब्रुवारी २०२१ ला बंड झालं. २६ फेब्रुवारीला म्यानमारचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत च्यॉ मो टुन आमसभेत उभे राहिले, लष्कराविरुद्ध बोलले आणि शेवटी तीन बोटं वर केली. ती तिथल्या निदर्शकांची खूण. लष्करानं त्यांना लगेच बडतर्फ केलं आणि दुसऱ्याचं नाव पाठवलं. संयुक्त राष्ट्रांत कुणाचं ओळखपत्र खरं हे तपासायला नऊ देशांची समिती असते. आपला पटवारीच म्हणा. त्या समितीनं निर्णय पुढे ढकलला. पुढच्या वर्षी पुन्हा ढकलला. त्याच्या पुढच्या वर्षीही. निकाल काय? बडतर्फ झालेला राजदूत त्याच खुर्चीवर. ज्या माणसाच्या मागे ना सैन्य ना खजिना, तो देशाच्या नावानं बोलतो, आणि राजधानी ताब्यात असलेल्यांना तिथं बसायला मिळत नाही. हे सगळं कुणी ‘नाही’ म्हटल्यामुळे झालं नाही, फक्त ‘हो’ न म्हटल्यामुळे झालं.

१८ जून २०२१ ला आमसभेत म्यानमारविषयी ठराव आला. बाजूनं ११९, तटस्थ ३६, विरोधात एक. तटस्थांमध्ये आपण होतो. आपले विचार मसुद्यात उतरलेले नाहीत असं कारण आपण दिलं. आणि विरोधातला तो एकटा देश कोण होता? बेलारूस.

या बेलारूसवर दोन मिनिटं थांबू, कारण शेजाऱ्यानं निवडणूक नाकारण्याचं अलीकडचं सगळ्यात ठळक उदाहरण तेच आहे. ९ ऑगस्ट २०२० ला तिथं निवडणूक झाली. १९९४ पासून खुर्चीवर असलेल्या लुकाशेन्को यांना ८० टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं. लाखो लोक रस्त्यावर आले. विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्स्काया यांना दोन दिवसांत देश सोडून शेजारच्या लिथुआनियात जावं लागलं. १९ ऑगस्टला युरोपीय संघाच्या नेत्यांनी निकाल मानत नसल्याचं सांगितलं. लुकाशेन्कोंनी २३ सप्टेंबरला शपथ घेतली ती आधी कुणाला न सांगता. विजयी माणूस गुपचूप शपथ घेतो, यातच बरंच आलं.

मग काय झालं? लुकाशेन्को गेले नाहीत. ते मॉस्कोच्या आणखी कुशीत शिरले. २०२१ मध्ये त्यांनी इराकसारख्या देशांतून आलेल्या हजारो लोकांना लिथुआनियाच्या सीमेवर ढकललं. तीस लाखांहून कमी वस्तीचा देश तो, त्याला ते चांगलंच जड गेलं. २०२२ मध्ये रशियन रणगाडे बेलारूसमधूनही युक्रेनमध्ये शिरले. तेव्हा नाकारल्यानं हुकूमशहा पडतो, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नाकारण्याचं बिल पहिल्यांदा शेजाऱ्याला येतं, आणि लिथुआनियानं ते समजून-उमजून भरलं.

जाता जाता व्हेनेझुएला. २०१९ मध्ये पन्नासहून अधिक देश एक पाऊल पुढे गेले. मादुरोंची निवड नाकारून थांबले नाहीत, तर ग्वाइदो हेच राष्ट्राध्यक्ष असं जाहीर करून बसले. लंडनच्या बँकेतलं व्हेनेझुएलाचं सोनं कुणाचं, हा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण कराकासमधला एक पोलीस शिपाईसुद्धा ग्वाइदोंचं ऐकत नव्हता. २०२२ च्या अखेरीस त्यांच्याच सहकाऱ्यांनी तो कारभार गुंडाळला. थोरल्याच्या कागदावर सही नाकारणं ठीक; धाकट्याच्या नावानं आपणच सातबारा छापणं, हे भलतंच.

आता आपल्याकडे येऊ. भारत अशा वेळी गप्प का राहतो, याचं मूळ जिथं सापडतं, तो काळ आमच्या भिलाईच्या जन्माचा आहे. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि इथं पोलाद कारखाना उभा राहू लागला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. या दोन तारखांच्या मधोमध, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत ठराव आला: सैन्य मागे घ्या, आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका घ्या. भारतानं विरोधात मत दिलं. कम्युनिस्ट नसलेल्या देशांत असं मत देणारे आपण एकटे. देशात जयप्रकाश नारायण, आचार्य कृपलानी यांनी सडकून टीका केली, आणि पुढे नेहरूंचाही सूर बदलला.

भिलाईसाठी हे मत दिलं, असं मी म्हणणार नाही. इतकी सरळ रेघ इतिहासात नसते. कृष्ण मेनन यांना खटकलं होतं ते निवडणुकीचं कलम. सार्वभौम देशात बाहेरच्यांनी निवडणूक घ्यायची, हा पायंडा आज हंगेरीत पडला तर उद्या काश्मीरवर येईल, ही भीती. ती भीती खोटी नव्हती. आजही दिल्लीत कुणी ‘दुसऱ्याच्या निवडणुकीवर बोलू नये’ म्हणतं, तेव्हा मागे तीच जुनी काळजी असते. आमच्याकडे मैत्री बागेत फिरायला जाणाऱ्या पोरांना ती मैत्री कुणाशी हेही आता ठाऊक नसतं, पण त्या काळात पडलेली सवय परराष्ट्र खात्यात टिकून आहे.

मात्र म्यानमारच्या बाबतीत आपण कायम गप्प होतो, असं नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८८ च्या उठावानंतर आपण उघडपणे लोकशाहीवाल्यांच्या बाजूनं होतो. आकाशवाणीची ब्रह्मी भाषेतली सेवा लष्कराला झोंबत असे. २७ मे १९९० च्या निवडणुकीत एनएलडीनं ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, आणि लष्करानं सत्ता सोडली नाही. निवडून आलेल्यांनी समांतर सरकार स्थापलं; ते बावीस वर्षं कागदावर राहून २०१२ मध्ये विसर्जित झालं. आपण सू ची यांना १९९३ चा नेहरू पुरस्कार दिला. त्या दिल्लीच्याच, लेडी श्रीराम महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. आई इथं राजदूत होत्या. पण त्याच १९९३ मध्ये परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांगूनला गेले आणि गाडीनं रूळ बदलला. ईशान्येतले बंडखोर सीमेपलीकडे तळ ठोकून होते, चीन तिथं पाय पसरत होता. नंतर लष्करप्रमुख थान श्वे २००४ आणि २०१० मध्ये भारतात सन्मानानं येऊन गेले. ७ नोव्हेंबर २०१० ला लष्करानं एक बेतलेली निवडणूक घेतली. दुसऱ्याच दिवशी ओबामा आपल्या संसदेत बोलत होते, आणि म्यानमारबद्दल भारत बोलायचं टाळतो, हे त्यांनी तिथंच ऐकवलं.

मग गप्प राहून आपल्याला काय मिळालं? काहीच नाही असं नाही. बंडखोरांविरुद्ध मदत मिळाली, प्रकल्प मिळाले. पण आजचा नकाशा बघा. आपली सीमा १,६४३ किलोमीटरची, आणि तिच्या पलीकडच्या मोठ्या पट्ट्यात लष्कराचा अंमल उरलेला नाही. कोलकात्याहून सित्वे बंदर आणि तिथून नदीनं, रस्त्यानं मिझोरम, असा कलादान प्रकल्प आपण उभारतो आहोत. त्या वाटेवरचं पलेत्वा गाव जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीनं घेतलं. म्हणजे आपल्या उदाहरणातला थोरला भाऊ सगळ्या शेतात उभाही नाही. बांधाच्या बाजूला दुसरेच लोक आहेत, आणि आपल्याला पाण्याचं बोलायचंय ते त्यांच्याशी.

बांगलादेशचा धडा तर अगदी ताजा आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिथं ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध आल्या, आणि आपण ती निवडणूक उचलून धरली. ७ जानेवारी २०२४ ला विरोधकांच्या बहिष्कारात पुन्हा मतदान झालं. अमेरिकेनं ते मुक्त आणि न्याय्य नसल्याचं म्हटलं. आपल्या पंतप्रधानांनी दुसऱ्याच दिवशी शेख हसीना यांचं फोनवर अभिनंदन केलं. सात महिन्यांनी, ५ ऑगस्टला, हसीना देश सोडून भारतात आल्या. ढाक्यातल्या तरुण पोरांच्या मनात भारताबद्दल जो राग आहे त्याची कारणं अनेक, पण त्यांची मतं चोरली गेली तेव्हा शेजारी पेढे वाटत होता, हे त्यांच्यातलं एक. हसीनांशी व्यवहार करू नये असं कुणीच म्हणत नव्हतं. पेढे वाटायची मात्र काही गरज नव्हती.

म्हणून माझं मत. म्यानमारच्या लष्कराशी बोलायला हरकत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ ला तिआनजिनमध्ये आपले पंतप्रधान मिन आँग ह्लाइंग यांना भेटले, आणि निवडणूक न्याय्य, सर्वांना सामावून घेणारी व्हावी असं आपण म्हटलं. ठीक. मग त्याच मापानं मोजायचं. ज्या निवडणुकीत मुख्य पक्ष विसर्जित आणि नेता कैदेत, ती सर्वांना सामावून घेणारी कशी? मोजमाप आपणच जाहीर केलंय, निकाल सांगायला वेगळं धाडस लागत नाही. अभिनंदन करू नये. न्यूयॉर्कमधल्या खुर्चीचा वाद ताटकळत ठेवणाऱ्यांना साथ द्यावी. लष्कराला ती खुर्ची मिळाली तर सौदा करायचं शेवटचं साधनही गेलं. तो फोन पुढे मागे करायचाच असेल तर बदल्यात काहीतरी घ्यावं: कैद्यांची सुटका, हवाई हल्ले थांबणं, सीमेवरच्या गावांना मदत पोचवायची वाट. बेलारूसमध्ये तेच झालं. तिखानोव्स्काया यांचे पती पाच वर्षांनी, जून २०२५ मध्ये, अमेरिकी दूताच्या भेटीनंतर सुटले.

दुसऱ्या बाजूचं एक खरं आहे, तेही सांगायला हवं. २०२० ची निवडणूक स्वच्छ होती म्हणताना हेही लक्षात ठेवा की तीत रोहिंग्यांना मतदानापासून दूरच ठेवलं होतं, आणि सू ची यांचं सरकार त्यावर गप्प होतं. त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. मत एनएलडीचं नव्हे, मतदाराचं चोरीला गेलंय.

आणि तो मतदार आज आपल्याच देशात आहे. बंडानंतर तीस हजारांहून अधिक माणसं सीमा ओलांडून मिझोरमला आली, बहुतेक चिन समाजाची, म्हणजे मिझोंची भाऊबंदच. १० मार्च २०२१ ला केंद्राच्या गृहखात्यानं ईशान्येतल्या राज्यांना कळवलं की यांना येऊ देऊ नका, आलेल्यांना परत पाठवा. मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं की हे आम्हाला जमणार नाही. राज्यानं मग चर्च आणि गावकऱ्यांच्या मदतीनं छावण्या उभ्या केल्या, पोरांना सरकारी शाळांत घेतलं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या लोकांना कायद्यानं निर्वासितही म्हणता येत नाही. उद्या दिल्लीनं त्या निवडणुकीवर शिक्का मारला, तर पहिला कागद यांच्याच हातात येईल: तुमच्या देशात आता निवडून आलेलं सरकार आहे, परत जा.

पुढच्या भागात आपण याच सीमेबद्दल बोलू. १६ किलोमीटरपर्यंत विनापासपोर्ट ये-जा करायची सवलत का होती, ती दहावर का आली, आणि कुंपणाला मिझोरम आणि नागालँडचा विरोध का आहे.